केळशीची गाठ

रत्नागिरी,
८ डिसेंबर २०२४

अहो,

नमस्कार. इकडे सगळं क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. गुरुप्रसाद भावोजी तुमच्याच जहाजावर रुजू व्हायला निघालेत, त्यांच्या हाती लाडू आणि हे पत्र देतेय. फोनवर काही बोलायचं तर आईंचे कान माजघरातून ओटीवर येतात.

परवा तुम्ही हसत विचारलंत, "लाडू संपले वाटतं?" घरातल्या लाडवांचं तुम्हाला जहाजावर कोणी सांगितलं? मी तर नाही.

माझं वजन का उतरत नाही, ते डॉक्टरबाईंनी मला समजावलं होतं, "खाणं कमी केलं की साठलेली चरबी सुटून वापरली जाते. तुझ्या शरीरात ती सावकाश सुटते. जनुकांतला फरक आहे, आईवडिलांकडून आलेला. चालणं सोडू नको, पण स्वतःला चोर समजू नको." हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. त्या "हं"चा मला तेव्हाच संशय आला.

आईंनी लाडवांच्या डब्याला दोरा बांधलाय. गाठ केळशीची, त्यांच्या माहेरची; वडील जाळं विणताना मारायचे ती. घरात दुसऱ्या कुणाला ती येत नाही. लाडू कमी झाले, गाठ मात्र जशीच्या तशी. तुम्ही दर्यावर्दी माणूस. गाठ न सुटता लाडू गेले कसे, हे विचारावंसं नाही वाटलं?

मंगळवारी दुपारी मी स्वयंपाकघरात गेले, तर आई डबा उघडून बसलेल्या. "काय गो, खवट झाले काय ते बघत होत्ये!" मला हसू आलं. त्यांच्या काटकुळ्या अंगाला तुपाचा थेंब लागत नाही, म्हणून त्यांच्यावर कुणी पाळत ठेवत नाही. खाऊ देत, भूक लागते माणसाला.

पण काल आरोहीच्या खाऊच्या डब्यालाही तोच दोरा दिसला. आठ वर्षांची पोर डब्यासमोर उभी होती. मला म्हणाली, "आई, मी पण जाडी होणार?" आईंना विचारलं, तर तुमचं नाव घेऊन म्हणाल्या, "हर्षदनंच सांगितलंन."

आता कळलं, तिच्या जनुकांची तपासणी करायची तुम्हाला एवढी घाई का. तो फरक तिच्यात उतरला असेल, नसेलही. तपासूया. पण आधी सांगा, निकाल तुम्हाला तिला जपायला हवाय की तिच्यावर नजर ठेवायला? माझ्यावरचा संशय मी गिळला. तिच्यावरचा गिळणार नाही.

तो दोरा मी कापला. लाडवांच्या पुडक्यात घातलाय. स्वतःच्या हातानं समुद्रात टाका, मगच घराची वाट धरा.

आरोहीची आई