प्रोटियाला घातलेलं मासळीचं खत

पनवेल, ता. १४ डिसेंबर १९९६

ती. आयेस धोंडीचा पाया पडून नमस्कार.

मी बरा आहे, दोन वेळा पोटभर जेवतो.

मी माळीकाम करतो त्या वसुंधराबाईंच्या बागेत आफ्रिकेकडची प्रोटियाची चार झाडं कुंड्यांत आहेत, असं मागं लिहिलं होतं. ती वाढेनात. म्हणून तू पाठवलेलं सुक्या मासळीचं खत घातलं, आपल्या माडाला घालतो तसं. तीन कुंड्यांत ते संपलं, चौथीला पुरलं नाही. पंधरा दिवसांत ती तिन्ही झाडं काळी पडून मेली.

बाई मुंबईहून आल्या, माती हुंगली. "धोंडी, काय घातलंस ह्यांना?" मी खरं सांगितलं, फक्त तुझं नाव घेतलं नाही. म्हणाल्या, "अरे, हे खडकावरचं झाड. खत म्हणजे विष त्याला." आये, खायला घातल्यावर मरणारं झाड तू तरी कधी ऐकलंस का?

ही तिसरी नोकरीपण गेली असं धरून मी पिशवी भरली. बाई दारात आल्या. "पळतोस कुठं? चौथं जगव. दोन वर्षांनी फूल येईल. तोवर त्याला काही घालायचं नाही आणि तू इथून हलायचं नाहीस."

आपल्या धाकट्या संजनाचा खोकला गेला का? आता खत पाठवू नको, मला खायला सुकट पाठव.

रोज सकाळी मी हात पाठीमागं धरून त्या कुंडीसमोर उभा राहतो.

तुझाच,
धोंडी