कुलूपबंद जबडे आणि आपली शेळी

सोनई,
सोमवार, दुपार

आदरणीय शकिला आपास,

धाकट्या नूरमहंमदचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? दुल्हेभाईंची साखर ताब्यात आहे, की अजून चहा बिनसाखरेचा मागवून वर चोरून गूळ खातात? इकडे सगळं खुशाल आहे, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे मेहरीनच्या दवाखान्यातलं दातांचं माप घ्यायचं यंत्र गेल्या आठवड्यापासून बंद पडलंय. त्याचा पासवर्ड मी विसरलोय आणि माझी लेक, म्हणजे तुझी डॉक्टर भाची, सध्या घरी माझ्याशी फक्त "पोळी वाढू का" एवढंच बोलते. (पत्र पाहून हसू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि तुझा मोबाईल असतो नातवंडांच्या हातात. त्यावर लिहिलेलं तुझ्याआधी ती वाचतात आणि लगेच मेहरीनला कळवतात.)

आता झालं ते पहिल्यापासून सांगतो. हे यंत्र म्हणजे जाड पेनासारखी एक कांडी. ती तोंडात फिरवली की मधे एक वायरसुद्धा न लागता समोरच्या पडद्यावर अख्खा जबडा रंगीत उभा राहतो. मी बसतो बाहेरच्या बाकावर. आल्यागेल्याला पाणी द्यावं तसा मी दवाखान्याच्या वायफायचा आकडाही देत असे. (एक ते आठ, ओळीनं. लक्षात ठेवायला सोपा.) खालच्या चहावाल्या कानिफनाथलाही दिला होता. त्याचा टीव्ही त्याच्यावरच चालायचा. मग काय, त्या दिवशी मेहरीननं मनकर्णाबाईंच्या तोंडात कांडी फिरवली, यंत्रानं काय समजून घेतलं देव जाणे, आणि खाली ऐन रंगात आलेल्या मॅचमधला फलंदाज गेला आणि मनकर्णाबाईंचा जबडा आला. दात पडल्यापासून ज्या बाईनं पदराआडून बोलायचा नेम पाळला, तिचे उरलेसुरले दात भजी खाता खाता अख्ख्या बाजारानं मोजले. त्यातली सोन्याची दाढ आपल्या अब्बांनीच बसवलेली, त्यामुळे ओळखायलाही कोणाला वेळ लागला नाही.

बाई रडायच्याच बाकी होत्या. "डाक्टरीनबाई, नातीचं लगीन तोंडावर आलंय, आता मी मांडवात कशी हिंडू वं?" म्हणाल्या. मेहरीननं त्यांचे हात धरून माफी मागितली. कानिफनाथला मात्र यात काही वावगंच दिसेना. तो मूळचा शिंगणापूरचा. मला म्हणतो, "चाच्या, आमच्यात घराला दार न्हाई, आन तुमी दाताला कुलपं लावता व्हय?"

पण लावावी लागली. नगरहून कंपनीचा इंजिनीयर आला. त्यानं आधी मला शाळेतल्या पोरासारखं समोर उभं केलं. मग यंत्राला वेगळं वायफाय दिलं, पाहुण्यांना वेगळं, ओळखीपाळखीचे सगळे मोबाईल आणि टीव्ही यंत्रापासून तोडले, आणि म्हणाला, असा पासवर्ड घाला की गावात कोणाला सुचणार नाही. मी छाती काढून पुढे झालो. आपल्या लहानपणच्या शेळीचं नाव घातलं आणि कोणाला सांगणार नाही म्हणून मेहरीनसमोर शपथ घेतली. ती इतकी पाळली की दोन दिवसांत मलाही ते नाव सांगता येईना. आपल्याकडे किती शेळ्या झाल्या! बिजली घालून पाहिलं, मखमल घालून पाहिलं. आता एकच संधी उरलीय. तीही चुकली तर आतली सगळ्या पेशंटांची मापं पुसली जातील, असं इंजिनीयर म्हणतो. म्हणून मेहरीन मला यंत्राच्या जवळही फिरकू देत नाही.

आपा, अब्बांचं नगरचं कवळ्यांचं दुकान आठवतं ना? रस्त्यावरच्या खिडकीत अर्ध्या शहराचे प्लास्टरचे जबडे वाळत ठेवलेले असायचे, प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव. तू दोन्ही हातांत वकीलसाहेबांचे जबडे धरून त्यांच्या आवाजात माझ्यावर खटला चालवायचीस. एकदा खुद्द वकीलसाहेब दारात उभे राहून ऐकत होते आणि आपल्याला शिक्षा काय, तर त्यांनी तो खटला पुरा करायला लावला. शेळी त्या जबड्यांना चाटायची, अम्मी तिच्यामागे फुंकणी घेऊन धावायची. कोणाला आपले दात चोरीला गेल्यासारखं वाटलं नाही. पण मनकर्णाबाईंचा चेहरा पाहिला आणि वाटलं, मेहरीनचंच बरोबर आहे. आपला जबडा खिडकीत आहे, हे त्या माणसाला माहीत असायचं. मनकर्णाबाईंना नव्हतं.

असो. यंत्र बंद म्हणून मेहरीन आता जुन्या पद्धतीनं लगद्यात माप घेते आणि त्यात प्लास्टर ओतायला नाइलाजानं मला बोलावते. मनकर्णाबाईंची कवळी मीच घासतोय. लग्न शनिवारी आहे.

दुल्हेभाईंना सलाम, मुलांना दुआ.

तुझा,
नूरमहंमद

ता. क. : शेळीचं नाव तुला नक्की आठवत असेल. तुझा तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव. शुक्रवारी संध्याकाळी मेहरीनला फोन करून तूच सांग. तुला ऐकायचं काही नाहीच, नुसतं नाव सांगायचं आणि ठेवायचा.

पुन्हा ता. क. : नाव बत्ताशी. परवा प्लास्टर कालवताना आठवलं. ते घट्ट होताना हातात गरम लागतं ना, तेव्हा अब्बा शेजारी बसलेत असं वाटतं. किती वर्षांनी मेहरीन माझ्या बाजूला उभी राहून "अब्बू, हे कसं करता?" म्हणून विचारतेय. यंत्र उघडलं की मी परत बाहेरच्या बाकावर. तेव्हा शुक्रवारपर्यंत तूही विसरलेलीच राहा.