छातीएवढं पाणी

५ मार्च

सौ. विहीणबाई यांस,

वयाने मी दोन वर्षांनी थोरली, शिक्षणाने तुम्ही नऊ इयत्तांनी थोरल्या. तेव्हा कुणी कुणाच्या पाया पडायचं हा घोळ नको. बरोबरीने स. न. वि. वि.

हो, घातला. काळा, गुडघ्यापर्यंतचा, पूर्ण बाह्यांचा. तुमच्या लेकीने फोनवर सांगून टाकलंच आहे तर आता लपवून काय करू? आरशात बघितलं तर मिटून ठेवलेली छत्री उभी. वर रबराची टोपी. ती चढवायला माझा लेक आणि तुमची लेक, दोघं लागले. चढली तेव्हा माझ्या भुवया कपाळाच्या मध्यावर जाऊन बसल्या, त्यामुळे तासभर मला सगळ्याचंच नवल वाटतंय असा चेहरा होता. हे असते तर हसून हसून खुर्चीवरून पडले असते. नाहीत ते बरंय, माणसाला थोडी अब्रू उरते.

आता कारण सांगते. भिंगरीच्या शाळेचा कागद आलाय. सोळा एप्रिलला तिच्या वर्गातल्या सगळ्या मुलांनी पोहायच्या तलावाची रुंदी एकेकट्याने पार करायची. नेमका तोच तिचा सहावा वाढदिवस. तिने कागद ऐकला आणि त्या दिवसासाठी पोटदुखी आत्ताच ठरवून टाकली. गेल्या सप्टेंबरात ती तलावात पडली तेव्हापासून डोक्यावरून पाणी घेतच नाही हो. केस धुवायचे तर मान मागे करून, कपाळाला टॉवेल लावून, पेल्यापेल्याने. एक थेंब डोळ्यात गेला की सगळी इमारत गोळा होते.

शनिवारी सकाळी तिथे लहान मुलांचा वर्ग असतो, पण घरचं एक मोठं माणूस पाण्यात सोबत लागतं. माझ्या लेकाला कुठली ना कुठली लिफ्ट बंद पडली म्हणून बोलावणं येतं. तुमची लेक शनिवारी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या तपासत असते. उरले कोण? मी आणि आठ महिन्यांचा गोटू, आणि गोटूला पोशाख मोठा झाला असता. मी सांगितलं, मी विहिरीच्या गावची. भावांना पाठीला रिकामा डबा बांधून ढकलायचे आणि पोरं बेडकासारखी पोहायची. इथे तर छातीएवढं पाणी, त्याचं काय कौतुक!

पहिल्या दिवशी भिंगरीने पायाची बोटं भिजवली. अंगठेसुद्धा नाहीत. मी पायरीवर तिच्या शेजारी चाळीस मिनिटं बसून राहिले, गोटू तेवढा वेळ वरच्या मजल्यावरच्यांकडे. शिकवणारी बाई चांगली आहे, गळ्यात शिट्टी, आवाज फौजदाराचा. आम्ही तिला शिट्टीबाई म्हणतो.

आता तुमची पाळी. मे महिना संपला की इथला माझा मुक्काम संपतो, व्हिसावर तसा शिक्काच आहे. त्यानंतर तुम्ही यायचं ठरलं होतं. आणि आता तिकीट काढू नका म्हणून लेकीला कळवलंत. कारण काय, तर गुडघे. विहीणबाई, वर्गातली पोरं अशी कारणं द्यायची तेव्हा तुम्ही काय करायचात? तुम्ही आला नाहीत तर गोटूपायी तुमच्या लेकीला नोकरी सोडावी लागेल. ती तुम्हाला हे बोलणार नाही, म्हणून मी बोलते. खरं कारण मला लिहा. फोनवर नको, फोनभोवती सगळं घर उभं असतं.

लोभ आहेच. वाढला तर ठेवायला जागा करू.

तुमची,
मुलाची आई असूनही नम्र

*

१५ मार्च

श्रीमती विहीणबाई यांना,

सप्रेम नमस्कार. वि. वि. आपलं पत्र पोचलं. शुद्धलेखनासाठी चार वेळा लाल पेन हातात घेतलं आणि चारही वेळा खाली ठेवलं. ह्यांना वाचून दाखवताना छत्रीपाशी आले, तर हे चहा सांडून हसले.

आपण खरं कारण विचारलंत. गुडघे ठीक आहेत.

सप्टेंबरात शेजारच्या मुलाच्या वाढदिवसाला तलावावर गेलो होतो. मुलं काठावर खेळत होती, मोठी माणसं गप्पा मारत होती, भिंगरीकडे लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं. तिने मला तिची केकची बशी धरायला दिली, वळली, पाय घसरला आणि खोल बाजूला पडली. मी तिच्यापासून चार हातांवर होते. विहीणबाई, मी ओरडलेसुद्धा नाही. तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. तिथला पहारेकरी मुलगा दुसऱ्या टोकाहून धावत आला, त्याने तिला वर काढलं, आणि तोवर मी तशीच उभी. हातातली कागदी बशी मी खाली टाकली नव्हती, हे मला नंतर दिसलं. नीट, आडवी धरून ठेवलेली.

चौतीस वर्षं मी शाळा चालवली. पावसापाण्यात, सहलीत, आग लागली तेव्हासुद्धा, एक मूल कधी मोजायचं राहिलं नाही. आणि स्वतःच्या नातीच्या वेळी माझे पाय जमिनीला चिकटले. कुणी मला शब्दाने बोललं नाही. लेकीने उलट मलाच जवळ घेतलं. ते जास्त लागलं.

आपण विहिरीवर वाढलात. माझ्या जागी आपण असता तर लुगड्यासकट उडी घेतली असतीत. म्हणून मुलं आपल्याजवळ असावीत, माझ्याजवळ नकोत. मुक्काम वाढवून मिळतो का ते पाहावं. भिंगरीवर जबरदस्ती करू नये, ही विनंती.

गोटूला गोड पापा. आपल्या ममतेत अंतर पडू नये.

आपली,
विहीण

*

२६ मार्च

सौ. विहीणबाई यांस स. न. वि. वि.

लाल पेन पुढच्या वेळी वापरा. सातवीनंतर माझी वही कुणी तपासलेली नाही, मलाही जरा बरं वाटेल.

तुमचं पत्र मी संडासात कडी लावून वाचलं, कारण या घरात दुसऱ्या कुठल्या दाराला कडी नाही. पुन्हा वाचलं. तोवर बाहेरून भिंगरी विचारायला लागली की आजी आत बुडाली का. त्या बशीबद्दल आज काही बोलत नाही. मुक्काम वाढवायला मात्र मी जाणार नाही, हे आत्ताच सांगते. तुमच्या वाटणीचं मी गिळणार नाही, मला पचायचं नाही.

इकडची खबर. घरात पाहुणे आहेत. माझ्या लेकाचा वसतिगृहातला मित्र, बायको आणि दोन मुलगे घेऊन दीड महिन्यासाठी आलाय. तो बोटीवर स्वयंपाकी आहे. मनाने सोनं, पण त्याचा हात चाळीस माणसांचा. चार माणसांचा भात कर म्हटलं की घाम फुटतो त्याला. पहिल्या दिवशी त्याने केलेल्या भातावर आम्ही तीन दिवस काढले, वरच्या मजल्यावरच्यांना दिला, लिफ्टवाल्या पोरांना दिला, आणि गोटू तर अंगाखांद्याला भात लावून नवरदेवासारखा फिरतोय.

पण त्याच्यामुळे एक झालं. त्याने सगळ्यात मोठी परात काढली, पाण्याने भरली आणि पोरांना सांगितलं की तोंड पाण्यात घालून जो जास्त वेळ बुडबुडे काढेल तो बोटीचा कप्तान. त्याची दोन्ही पोरं कप्तान झाली. मी झाले, माझा कप्तान दोन फुग्यांतच आटोपला आणि ठसका लागला. भिंगरी टेबलाखाली बसून बघत होती. चौथ्या दिवशी बाहेर आली, म्हणाली की या सगळ्यांना काही येत नाही. तोंड घातलं आणि परात उसळायला लागली. तुमची लेक दारात लॅबची पिशवी खांद्यावर घेऊन उभी होती. आत आली नाही, तशीच मागे वळली आणि जिन्यात जाऊन रडली. मी पाहिलं, पण पाहिलं असं दाखवलं नाही.

मग शनिवारी डबा काढला. लेकाने प्लॅस्टिकचे दोन घट्ट झाकणाचे डबे आणले, जाड पट्टा लावला. एक तिच्या पाठीला, एक माझ्या. तिला एकटीला लाज वाटू नये म्हणून हो! शिट्टीबाईने आम्हाला बघितलं आणि शिट्टी तोंडातून गळाली. पण हरकत घेतली नाही. उलट पट्टे ओढून तपासले आणि वर्गाला आमचं उदाहरण दिलं. तिच्या भाषेत काय दिलं ते मला कळलं नाही. भिंगरीला विचारलं तर म्हणते, दोन कासवं आली आहेत असं म्हणाली.

आता आतली गोष्ट, तुमच्यापुरती. दर वेळी तिच्या नकळत मी तिच्या डब्यात एक पेला पाणी जास्त घालते. रिकामा डबा तरंगवतो, भरलेला नाही. माझा थोरला भाऊ असाच फसून शिकला होता. डबा पाठीला आहे म्हणून तिला धीर, आणि तरंगते ती स्वतःच. शिट्टीबाईला हे माहीत आहे. पाणी घालताना तिने मला पकडलं आणि डोळा मारला. आता शनिवारबरोबर बुधवारीही या म्हणते.

जबरदस्ती नाही, विहीणबाई. फसवणूक आहे. ती चालते.

माया आहे तशी असू द्या, पातळ करू नका.

तुमची,
मोठं कासव

*

६ एप्रिल

श्रीमती विहीणबाई यांना सप्रेम नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. डब्यात पाणी घालायची युक्ती मी शाळेत कधी योजली नाही याचं वाईट वाटलं. किती मुलांना किती डबे बांधून ठेवले आम्ही, आणि सोडवायला विसरलो.

ह्यांनी माळ्यावरून बॅग काढून खोलीत ठेवली. मी पुन्हा वर ठेवली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी परत काढली. आमच्यात बोलणं काही झालेलं नाही, फक्त बॅगेची चढउतार चालू आहे.

सोळा तारखेला मी फोन उचलणार नाही. चांगलं वाईट काहीही असो, तुमच्या हातच्या पत्रातून येऊ दे. त्यात तुम्ही थट्टा कराल आणि मला वाचता येईल.

एकच विचारते, आणि उत्तर खरं हवं. त्या दिवसाबद्दल भिंगरी कधी काही बोलते का? मी काठावर उभी होते, हे तिला आठवतं का?

गोटूला किती दात आले ते कळवावं. सर्वांवरची दृष्ट काढलेलीच आहे असं समजावं.

आपली,
विहीण

*

१७ एप्रिल

सौ. विहीणबाई यांस,

स. न. वि. वि. सगळं पुढे लिहिते, आधी हे घ्या. गेली पार! गेली आणि परतही आली!

आता शांतपणे वाचा. नातीच्या आज्या आहोत आपण, काही पोच हवा.

तुमचं पत्र काल सकाळीच पोचलं. वाचलं, कमरेला खोचलं आणि निघाले. पोटदुखी आली नाही. उलट भिंगरीच सगळ्यांना घाई करत होती. काठावर बाकांच्या तीन रांगा. माझा लेक पान्यांची पिशवी कमरेला लावून कामावरून तसाच आला, कुठल्या तरी इमारतीतली माणसं काल जिन्याने चढली असतील, त्यांची क्षमा मागते. तुमची लेक लॅबच्या पांढऱ्या कोटात धावत आली. बोटवाला स्वयंपाकी, बायको, दोन कप्तान. मांडीवर गोटू, चार दातांचा.

चौदा मुलं. आपली नववी. डबा नाही, पट्टा नाही, काही नाही. डबा तर गेल्या बुधवारीच काठोकाठ भरला होता. मी तिला तो उचलून दाखवला तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तुमच्या शाळेतली कॉपी करणारी पोरगी.

शिट्टी वाजली, सुटली. अर्ध्यापर्यंत सरळ. अर्ध्यावर थांबली. विहीणबाई, तिथला तो गोंगाट, पोरं, पाण्याचा आवाज, सगळं एका क्षणात बंद झालं. पाणी तिच्या तोंडावरून गेलं, डोळ्यांत गेलं. माझ्या लेकाने माझा दंड धरला, अजून निळा आहे. शिट्टीबाई एक पाय पुढे टाकून तयार. आणि पोरीने काय करावं? उताणी झाली. आभाळ बघत पडल्यासारखी छताकडे बघत पडली. दोन फुर्र काढले, परातीतले असतात तसे. मग पालथी झाली आणि हात मारत, वाकडीतिकडी, शेजारच्या मुलाच्या रांगेत घुसून, त्याला ओलांडून भिंतीला हात लावला.

बाकं उठली. तुमची लेक बाकावर चढली, पांढऱ्या कोटात. स्वयंपाक्याने गोटूला हवेत उडवला. आणि भिंगरीने भिंत धरून सगळ्यांकडे बघितलं, जरा विचार केला, आणि कुणीही न सांगता परत निघाली! शिट्टीबाई शिट्टी वाजवून दमली, पण ऐकते कोण? अलीकडे येऊन पायरीवर बसली, डोक्यावरची टोपी ओढून काढली आणि दोन्ही ओंजळींनी स्वतःच्या केसांवर पाणी ओतून घेतलं. पेल्यापेल्याने धुतले होते हो ते केस सात महिने.

संध्याकाळी वाढदिवस. बोलावली होती नऊ मुलं. तलावावरूनच मुलं-आयाबाप धरून एकवीस माणसं आली, शिट्टीबाईसुद्धा. खुर्च्या संपल्या, पोरं पलंगावर, खिडकीत, लिफ्टवाली मंडळी जिन्यात. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वयंपाक्याचा अंदाज बरोबर निघाला. चाळीस माणसं होती. मोजून. तो इतका खूश झाला की सगळ्यांना हात जोडत हिंडत होता.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, खरं मागितलंत तसं खरं. मी रात्री केस पुसताना तिला विचारलं. आठवतं तिला. म्हणाली, पाणी नाकात गेलं, मग दादाने काढलं, मग आजी तिथेच होती. आणि आजीने माझा केक सांडू दिला नव्हता. एवढंच आठवतं तिला. काठावर आजी होती, आणि केक शाबूत होता.

तुम्ही हे सात महिने कशाचं ओझं वागवलंत ते बघा.

तेव्हा बॅग खालीच राहू द्या. लेकाने चोवीस मेचं तिकीट काढलं आहे, तुम्हाला न विचारता. विचारलं असतं तर तुम्ही गुडघे काढले असते. माझा काळा पोशाख इथेच ठेवून जाते. तुम्ही बारीक आहात, कंबरेत टाचून घ्या. शिट्टीबाईला सांगून ठेवलंय की जूनपासून दुसरी आजी येते, शिस्तीची आहे, हजेरी घेईल. भिंगरी म्हणते, तुम्हाला ती स्वतः शिकवणार. डब्यात पाणी ती घालणार, हेही तिने ठरवलंय, पण तुम्हाला हे माहीत नाही असं दाखवा.

जीव लावून आहातच, तो तसाच बांधून घेऊन या, सामानात वजन धरत नाहीत.

तुमची,
विहीण

ता. क. तुम्ही लिहिलंत की त्या दिवशी मी असते तर लुगड्यासकट उडी घेतली असती. नसती घेतली. विहिरीत भाऊ पोहायचे. मी काठावर त्यांचे कपडे राखत बसायचे. लेकाला आयुष्यभर थापा मारल्या, त्या इथे अंगावर आल्या. मार्चच्या त्या पहिल्या शनिवारी मी जन्मात पहिल्यांदा पाण्यात पाय घातला. मला पोहायला येतच नव्हतं.