कैसर कोणाचा कोण?

अल्लीपूर
१९ जून १९८१

तीर्थस्वरूप चंद्रभानभाऊंना विमलचा, दोन्ही हात जोडून आणि या खेपेला मान जरा ताठ ठेवून, नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल, सुलोचनावहिनींची खोकल्याची ढास गेली असेल, आणि गेली नसेल तर अडुळशाचा काढा तुम्ही स्वतः उकळून द्यावा. (त्यांनाच उकळायला सांगाल, म्हणून लिहिलं.)

तुमचं पत्र पोचलं. त्यात सहा ओळी कपाशीच्या बियाण्याच्या, दोन ओळी ह्यांच्या खुशालीच्या, आणि अगदी तळाशी, कागद संपत आला म्हणून बारीक अक्षरात, तुमच्या वच्छलेबद्दल: पोरगी नववीत इतिहासात नापास झाली, जगाचा इतिहास आपल्या घरातल्या मुलींच्या डोक्यात शिरणारा नाही, तेव्हा सव्वीस तारखेला शाळा उघडेल तेव्हा तिला पाठवणार नाही. वर मला विचारलंत, तुला आठवीतून काढलं तर तुझं काय अडलं? भाऊ, काय अडलं ते पुढे सांगते. आधी बातमी ऐका, आणि गुडघा दुखतो तर बसून ऐका. मी दहावी पास झाले. सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. आणि आपल्या घरातल्या मुलींच्या डोक्यात जो शिरत नाही त्या इतिहासात मला शेकडा अठ्ठ्याहत्तर आहेत. केंद्रावर बाहेरून बसलेल्या आम्हा अकरा जणांत मी पहिली. (गणितात छत्तीस. पण गणिताबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही.)

आता हे झालं कसं? फॉर्म भरला तेव्हा फक्त ह्यांना ठाऊक होतं. सासूबाईंपासून पुस्तक लपवायचं म्हणून मी ते ज्वारीच्या कोठीमागे ठेवत असे. आमच्या या रुख्माबाईंच्या घरात कोठीमागे वस्तू लपवणं म्हणजे ती त्यांच्या हातात देण्यासारखंच आहे, पण तेव्हा मला अक्कल नव्हती. तिसऱ्या दिवशी पुस्तक सापडलं. मला वाटलं, आता चुलीत जाणार. त्यांना संशय आला की हे काही चावट गोष्टींचं पुस्तक असावं, म्हणून त्यांनी सूप मांडीवर घेतलं आणि मला समोर बसवून वाचायला लावलं. मी पहिल्या महायुद्धाचं पान उघडलं. जर्मनीचा कैसर विल्यम, एवढं वाचलं आणि सूप थांबलं.

"हा कोनाचा कोन?"

आता तुम्हाला आमच्या सासूबाईंची ही रीत माहीत आहे. माझ्या लग्नात तुमच्याकडून अक्षता घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी दारातच अर्धा तास उभं ठेवून त्याच्या आजोळापर्यंत मागे नेलं होतं आणि मग पाणी दिलं. नातं कळल्याशिवाय त्या माणसाची गोष्टच ऐकत नाहीत. मी म्हटलं, तो जर्मनीचा बादशहा. त्या म्हणाल्या, तो तर त्याचा धंदा झाला, माणूस कोणाचा? मला कुठे ठाऊक? पुस्तक बंद झालं, आणि त्यासोबत माझी दहावीही बंद होते की काय असं मला वाटलं.

म्हणून मी हायस्कुलातल्या सदाशिवराव मास्तरांकडे गेले. ते आधी हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपल्यालाही ठाऊक नाही, तेव्हा हसायचे थांबले, आणि वाळवी लागलेल्या कपाटातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून दोन दिवस त्यात बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला एका कागदावर वंशावळ काढून दिली. इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी. जर्मनीचा कैसर तिच्या लेकीचा लेक. लढाईच्या वेळचा इंग्लंडचा राजा तिच्या लेकाचा लेक. आणि रशियाच्या बादशहाची बायको, तीही तिचीच नात. मी हे घरी येऊन वाचलं. सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजे आजी एकच? अन् आजी कवा गेली?"

एकोणीसशे एकला, मी म्हटलं. लढाई कधी? चौदाला. "मंग बरोबर हाये," त्या म्हणाल्या. "आजी होती तंवर कोनाची छाती नसन झाली." भाऊ, सन लक्षात ठेवायला मी तोवर किती डोकेफोड केली होती. त्या दिवसापासून एकही सन चुकला नाही. कोणाची आजी कधी गेली हे आपल्याकडे कोण विसरतं?

तेव्हापासून घर उलटंपालटं झालं. सासूबाई स्वयंपाकाला बसल्या आणि मला वाचायला बसवलं. ह्यांना दोन महिने वरणात कधी मीठ दुप्पट, कधी मुळीच नाही, कारण एकीकडे रशियात क्रांती चाललेली. हे बिचारे विचारायचे, जेवायला किती वेळ? सासूबाई म्हणायच्या, थांब, झार अजून गादीवर हाये. आणि त्यांची आठवण! एकदा उजळणीच्या वेळी भाजी करपायला आली म्हणून मी घाईत एक ओळ गाळली, तर त्यांनी तिथेच पकडलं. "त्या सराजेव्होच्या मोटारवाल्याचा रस्ता चुकला, ते काऊन नाई वाचलं?" (त्यामुळेच ऑस्ट्रियाचा युवराज मारेकऱ्याच्या पुढ्यात आला होता.) व्हर्सायच्या तहाशी तर त्या दोन दिवस बसून राहिल्या. हरलेल्याला बैठकीत घेतलं नाही, बाहेर ठेवलं आणि मग आत बोलावून सही घेतली, हे ऐकून त्यांनी मला त्यांच्या नणदेच्या नवऱ्याची हकिगत सांगितली. त्याला एका लग्नात पंगत उठल्यावर जेवायला बोलावलं होतं, तर त्यापायी दोन घरं चौदा वर्षं बोलत नव्हती. "हे जर्मनीवाले पुन्हा येतीन," म्हणाल्या. मी पानं उलटून पाहिलं, तर पुढच्या धड्यात खरंच आले. त्यानंतर आठ दिवस त्यांचा रुबाब पाहण्यासारखा होता.

हिटलरच्या वेळी मात्र अडलं. तो कोणाचा कोण, हे मास्तरांच्या जाडजूड पुस्तकातही धड लागेना. राजाच्या नात्यातला नाही, त्या देशातलाही नाही. सासूबाईंनी विचारलं, "मंग याले घरात कोनं घेतलं?" या एका प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता माझे तीन धडे पाठ झाले.

परीक्षेला हिंगणघाटला गेले तर दारावरच्या शिपायाने मला अडवून सांगितलं, पालकांनी बाहेर थांबावं. मी त्याला प्रवेशपत्र दाखवलं. (त्याचा चेहरा तुम्हाला दाखवायला हवा होता.) पेपरात पहिलाच मोठा प्रश्न, पहिल्या महायुद्धाची कारणे. पुस्तकात पाच होती, मी सात लिहिली. तीन पुरवण्या घेतल्या. बाहेर कडुनिंबाखाली सासूबाई शिदोरी घेऊन बसलेल्या. त्यांनी पेपर कसा गेला हे विचारलंच नाही. "आजीचं लिव्हलं का?" एवढंच. निकाल लागला तेव्हा साऱ्या अल्लीपुरात सांगत फिरल्या, आम्ही पास झालो.

आता माझं काय अडलं ते. बाबांनी मला शाळेतून काढलं, त्याच आठवड्यात तुमच्यासाठी नवी कंपासपेटी आली. मी गोठ्यामागे जाऊन रडले आणि बाहेर येऊन भाकरी थापल्या. मला राग नव्हता असं तुम्ही सगळ्यांना सांगता. भाऊ, मी एकोणीस वर्षं रागावलेलीच आहे. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. वच्छला मठ्ठ नाही. तिला अजून कोणी सांगितलं नाही की कोण कोणाचा कोण.

वहिनींना नमस्कार, वच्छलेला खूप खूप आशीर्वाद.

तुमची धाकटी बहीण,
विमल (दहावी पास)

ता. क. गावच्या बालवाडीत मला घेतलं. एक जुलैपासून रोज सकाळी जायचं. त्यामुळे सासूबाईंना वाचून दाखवायला घरी कोणी राहणार नाही. पुस्तक संयुक्त राष्ट्रसंघापाशी संपलं हे त्यांना मुळीच पटलेलं नाही. एवढे भांडलेले लोक एका छपराखाली बसले आणि पुढे काहीच झालं नाही, यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांना वाचणारी हवी आणि वच्छलेला ऐकणारी. इथलं हायस्कूल घरापासून पाच मिनिटांवर आहे आणि अकराला भरतं.

ता. क. दुसरा. पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. ज्यांनी ते तुमच्या हातात दिलं त्या समोर बसल्या आहेत. त्यांना चहा द्या, साखर बेताची. त्या वच्छलेला न्यायला आल्या आहेत. ऑस्ट्रियाने सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली होती. सासूबाईंनी तुम्हाला उद्याच्या वर्ध्याच्या पॅसेंजरपर्यंत दिली आहे.

ता. क. शेवटचा. त्यांना वाचता येत नाही म्हणून पत्रातलं काही गाळून सांगू नका. निघण्याआधी मी त्यांना हे तीनदा वाचून दाखवलं आहे, आणि त्यांची आठवण मी वर लिहिलीच आहे. वच्छलेलाच मोठ्याने वाचायला द्या. फक्त ती एकोणीस वर्षांची ओळ तिच्याकडून वाचून घेऊ नका. ती तुम्ही वाचा.