लेथवरचं लाल कुलूप

मंगळवार, ४

नवी बॅच आज लेथवर. नियम पुन्हा घोकून घेतला — मशीन उघडण्याआधी मेन स्विच बंद, त्यावर आपलं लाल कुलूप, कुलपाला आपल्या नावाची चिठ्ठी, किल्ली आपल्या खिशात. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. मी सांगितलं तरी दुसऱ्याने नाही! हसले सगळे. हसू देत.

सगळे गेल्यावर लेथच्या पॅनेलमधल्या सैल वायरी आवळत होते, तर ताईचा फोन — आई बाथरूममध्ये घसरली. तशीच धावले. हाड मोडलेलं नाही. सुटले!

गुरुवार, ६

काल रजा. आज बघते तर लेथच्या स्विचवर कुलूप, चिठ्ठीचा पत्ता नाही. मंगळवारी लेथवर शेवटी होती धांदल — सगळे तिला तेच म्हणतात. चाळिशीत शिकायला आलेली, दोन मुलांची आई, चिठ्ठी विसरण्यात पटाईत. ती बहिणीच्या बाळंतपणाला गेलीय. फोन बंद. आणि उद्या तपासणी पथक!

प्राचार्य शिपायाला कटरसकट घेऊनच आले. मी स्विचसमोर स्टूल टाकून बसले.

"आत कुणी नाही, दिसतंय ना?"

"तेव्हाही कुणी दिसत नव्हतं," म्हटलं. कारखान्यात असताना एकाने असंच कुणाचं तरी कुलूप तोडलं होतं. आत माझा जोडीदार होता. त्याची तीन बोटं गेली. हे प्राचार्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? नुसती बसून राहिले, पाच वाजेपर्यंत.

शुक्रवार, ७

पथक आलं. लेथ ढिम्म. वहीत टिपून घेतलं त्यांनी.

मला मेमो. त्याचं काही नाही, ड्रॉवरमध्ये टाकला. पण धांदलीला परीक्षेला बसू द्यायचं नाही म्हणे, आणि त्या पत्रावर सही माझी हवी! चूक तिची, मान्य. आली की फैलावर घेईन. पण एका चिठ्ठीपायी बाईचं वर्ष घालवायचं? विभागप्रमुख समजवायला आले, नोकरी कशाला पणाला लावता म्हणून. लावते! सोमवारपर्यंत मुदत दिलीय. सोमवारीही नाहीच करणार सही.

शनिवार, ८

धांदल आली. सगळ्या वर्गासमोर तिला झाडलं. मग तिने पिशवीतून लाल कुलूप काढलं, चिठ्ठीसकट.

"मॅडम, माझं तर हे."

डोळे भरले होते तिचे. मग ते कुणाचं? एकेकाला आपलं कुलूप दाखवायला लावलं. सगळ्यांनी दाखवलं. कुणीतरी मला बनवतंय. सोमवारी छडा लावते!

रविवार, ९

आईकडे गेले. मंगळवारी अंगावरच्या वर्कशॉपच्या कोटासकट धावत आले होते, तो तिथेच खुंटीवर राहिलेला. धुवायला घेतला. खिशात किल्ली. आणि माझ्या नावाची चिठ्ठी, बांधायची राहिलेली.

उद्या पत्रातलं नाव खोडून माझं लिहीन, मग सही. त्याआधी धांदलीची माफी मागायची. सगळ्या वर्गासमोर, झाडलं होतं तेवढ्याच मोठ्या आवाजात.