दोन हजार डबे आणि एक मजकूर

ती. जोतीराममामांना सम्राटचा दंडवत.

मामा, मंगळवारी सकाळी सव्वाअकराला मी प्रिंटरचं बटण दाबलं आणि तिथून माझं सगळं फिरलं. तुमचा गुडघा कसा हाय? मामींचा खोकला? मी अजून हातीपायी धड हाय. (चार वाजेपर्यंतचंच सांगतोय.) फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येईल एवढं ओरडायचं म्हणजे अख्ख्या शाहूपुरीला कळायचं.

कॉलेज सोडल्यापासून (सरांना उलट बोललो हे खरं, पण डस्टर फेकलं नव्हतं, हातातून सुटलं) मी गुरुप्रसादशेठच्या लेबलच्या दुकानात बसतो. संगणकावर लेबल मांडायचं, कोपऱ्यात क्यूआर कोड टाकायचा, त्यात गिऱ्हाइकाचा मजकूर भरायचा आणि छापायचं. शिरोळकडचे गुऱ्हाळवाले बाळासो आले. जुने पैलवान, कान मोडलेले, पंजा परातीएवढा. त्यांना गुळाच्या दोन हजार डब्यांवर कोड हवा होता. मोबाइल धरला की ऊस कुठला, गूळ कधीचा ते दिसावं. मजकूर सांगायला त्यांची मुलगी क्रांती आली होती. ती सांगत होती आणि मी तिच्याकडं बघत होतो. उसाची जात तिला तीनदा सांगावी लागली.

आता कोड नीट उमटतो का ते बघायला आधी काहीतरी मजकूर घालावा लागतो. लोक एक-दोन-तीन लिहितात. मी लिहिलं, ‘क्रांती, तुझ्याशिवाय काही गोड लागत नाही. हो म्हण. तुझाच सम्राट.’ पुसणारच होतो, तोवर बाळासो येऊन लेबलाकडं बघून म्हणाले, “ह्यो काय रंग हाय? गूळ हाय का शेणी?” माझं डोकं सणकलं. रंग बदलला, मजकूर तसाच राहिला, आणि त्याच तिरीमिरीत दोन हजार छापून टाकले.

पहिलं लेबल मोबाइलनं तपासायचं, हा आमच्या दुकानाचा नियम. पण बाळासोंनी पहिला डबा पुढ्यात घेऊन त्यावर मूठभर हळद-कुंकू थापलं, हार घातला, नारळ फोडला. कोड पार बुजला. पूजेच्या डब्यावर मोबाइल कोण धरणार? आणि नुसत्या डोळ्यांना सगळे कोड सारखेच, काळे ठिपके. गुळाचा कुठला, काळजाचा कुठला, कळत न्हाय.

काल फाइल उघडली, तर कोडात अजून माझाच मजकूर. मग हळद-कुंकू घेऊन त्यांच्या गोदामात गेलो. म्हटलं, एका डब्याचीच पूजा का? सगळ्यांची करतो. बाळासो गहिवरले. “पोरगं वळणाचं हाय,” म्हणून पाठीवर थाप मारली. (श्वास अजून अर्धाच येतोय.) चारशे डब्यांना बोटं लावून झाल्यावर एकावर मोबाइल धरला. मजकूर ठळक दिसला! कारण कोड मळला तरी वाचता यावा, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये मीच शहाणपणानं करून ठेवलेली.

आज चार वाजता त्यांच्या नव्या दुकानाचं उद्घाटन हाय. पाहुणे मोबाइल धरणार आणि मजकूर मोठ्या पडद्यावर दिसणार. समोर बाळासोंचे सगळे भाऊबंद, तेही पैलवान. आता अडीच वाजलेत. मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना (मी उरलो तर) भेटून लाड.

तुमचा,
सम्राट

ता. क. : खरं काम हे की, बाळासोंना फोन करून सांगा, भाचा काल रात्रीपासून माझ्याकडं गडहिंग्लजला तापानं पडलाय. मी तीनच्या एस.टी.नं येतोच. महिनाभर राहीन. म्हशींचं सगळं करीन.

ता. क. दुसरा : वरचं रद्द. फोन करू नका. क्रांती आत्ता दुकानात आली होती, हातात डबा. म्हणाली, “दोन हजार डब्यांना सांगितलंस, मला तेवढं सांगायचं ऱ्हायलं व्हय रं?” मी विचारलं, मग तुझं काय? म्हणाली, “आधी माझ्या आप्पांना सांग (म्हणजे बाळासोंना, मामा!), पडद्यावर यायच्या आत. तू न्हाय सांगितलंस तर मी सांगतो.” हो म्हणाली न्हाय, मामा. पण न्हाय पण म्हणाली न्हाय, आणि बाहेर गाडी चालू ठेवून उभी हाय. पत्र शेजारच्या शालूबाईंकडं देतो, त्या एस.टी.तल्या कुणाकडं तरी देऊन पोचवतील. निघालो. दार बाहेरून कुलूप घालूनच लावतो. परत आत पळून यायला नको.