नाचणीच्या पेजेत काय होतं

११ जाने., रवि.
सकाळी ओलं फडकं पिळलं. दोन्ही हातांनी, पार निथळेपर्यंत. मग उगाच भिजवून परत पिळलं. दीड वर्षात जमलं नव्हतं. आई ओट्यापाशी उभी. "बरा वाटता ना गो?" चेहरा असा, जणू माझा दहावीचा निकाल लागलाय.
महिनाभर सांध्यांचं दुखणं उतरतंय. डॉक्टरबाईंच्या गोळ्या आठ महिने चालू आहेत, असा फरक कधी पडला नव्हता. रविवारची गोळी घेतली. डोस तोच. मग आत्ताच का?
आनंद व्हायला हवा. होत नाही.

१४ जाने., संक्रांत
लाडू मी वळले. हाताला चटके बसले पण बोटं मिटत होती.
ऑफिसात अख्खा भाडेकरार न थांबता टाईप केला. वकीलसाहेब चष्म्यावरून बघत होते. शेजारच्या टेबलावरची शैला म्हणाली, "गाल बघ कसे वर आलेत! लग्न ठरवलंस की काय यार?"
भूक भलतीच. स्वतःचा डबा संपवून शैलाच्या दोन पोळ्या खाल्ल्या. लाज वाटली, पण खाल्ल्या.

१९ जाने., सोम.
रिपोर्ट आला. अंगातली सूज दाखवणारा आकडा निम्म्यावर. लॅबला फोन केला, सॅम्पल बदललं नाही ना? मुलगी वैतागली. "मॅडम, चांगल्या रिपोर्टची कम्प्लेंट करणाऱ्या तुम्ही पहिल्याच."
साखर मात्र वाढलेली. आमच्याकडे कुणाला नाही. बाबांना नव्हती, आईला नाही. साखर आली कुठून?

२१ जाने., बुध.
डॉक्टरबाई रिपोर्ट बघून खूश झाल्या नाहीत. तोंड निरखलं, दंडावरचा निळा डाग दाबून बघितला. बीपी दोनदा घेतलं.
"बाहेरचं काही घेता? पुडी, काढा, कुणी दिलेल्या गोळ्या?"
"नाही."
"नक्की?"
वकीलसाहेब थकबाकीवाल्या भाडेकरूकडे बघतात तशा बघत होत्या. मग पहिल्या दिवशीचंच परत समजावलं. तुमचे सांधे झिजलेले नाहीत. शरीराची राखण करणारी जी ताकद आहे ती तुमच्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर उठलीय. तिला दाबायचं, पण बेताने, रक्त तपासत. स्टेरॉइडचा मारा केला तर चार दिवस सगळं झकास. आत हाडांची, साखरेची, बीपीची वाट लागते, चेहरा फुगून गोल होतो. "तुमचा चेहरा मला तसा वाटतोय."
म्हणजे मी खोटारडी? त्या अजून काहीतरी सांगत होत्या. मी पर्स उचलली. उद्या सकाळी रक्त द्यायला सांगितलंय. नाही जाणार.

२३ जाने., शुक्र.
रक्त दिलं नाही. पण किडा डोक्यात सोडून गेल्यात बाई.
आज दिवसभर, माझ्या पोटात काय काय जातं? ऑफिसचा चहा शैला पण पिते. पोळी-भाजी आई पण खाते. घरात दोघीच आम्ही, एकाच भांड्यातलं. फक्त सकाळची नाचणीची पेज माझी वेगळी. "हाडांक बरी." दीडेक महिना झाला.
आज वाटीच्या तळाशी राखाडी गाळ. बोटावर घेऊन चाटला. कडू.
विचारलं नाही.

२४ जाने., शनि.
लवकर उठून दाराआडून बघितलं. स्वतःच्या आईला, दाराआडून.
हिंगाच्या डबीतून अर्धा चमचा राखाडी पूड माझ्या वाटीत. ढवळलं. मग देवाकडे बघून हात जोडले.
पेज बेसिनमध्ये ओतली, नळ सोडला.
"संपवलंस?"
"हो."
तिथेच बोलायला हवं होतं. पण वकीलसाहेब म्हणतात, आधी पुरावा, मग नोटीस. पेज बंद करून काय होतं ते बघू. डबीतली चिमूटभर कागदात बांधून पर्समध्ये ठेवली.

२६ जाने., सोम.
तिसरी वाटी बेसिनमध्ये. अंग ठेचून काढल्यासारखं. दोनदा उलटी. खाली सोसायटीचं झेंडावंदन, गाणी चालू, मी पडून. आई कपाळाला हात लावायला आली की मी तोंड फिरवते. तिला कळत नाहीये. किंवा कळतंय.

२९ जाने., गुरु.
हॉस्पिटल. हाताला सुई आहे, अक्षर वाकडं येतंय.
मंगळवारी ऑफिसात प्रिंटरपाशी पडले. शैलाने आणि वकीलसाहेबांनी रिक्षात घालून आणलं. बीपी लागतच नव्हतं म्हणे. शिरेतून स्टेरॉइड दिलं तेव्हा शुद्धीवर आले. म्हणजे जे चोरून पोटात जात होतं, त्यानेच वाचवलं.
डॉक्टरबाई आल्या. पर्समधला कागद दिला. चिडल्या नाहीत. "बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं. आणि मग एकदम तोडलं की असं होतं. काही घेत असाल तर मनाने बंद करू नका, हेच सांगत होते त्या दिवशी. तुम्ही उठून गेलात."
त्या गेल्यावर आईला पेज ओतल्याचं सांगितलं, डबीबद्दल विचारलं. ती खिडकीकडे बघत बोलली.
"चारकोपच्या वैद्याची पुडी. तो म्हणालो, नुसती जडीबुटी."
"मला सांगितलं का नाहीस?"
"तू घेतलं असतंस?"
नसती घेतली.
"रोज सकाळी न्हाणीत नळ सोडून रडत होतंस. माका ऐकू येना नाय?" मग माझ्याकडे वळली. "आणि तू? पेज ओतून टाकतंस, माका सांगनस नाय. तुका काय झाला असता तर?"
शैला सफरचंद कापत होती, ती सुरी ठेवून बाहेर गेली.

७ फेब्रु., शनि.
घरी. आता डॉक्टरबाईंनी मोजून दिलेली स्टेरॉइडची गोळी, हळूहळू कमी करत आणायची. पुडी तपासायला पाठवलीय.
आई माझ्यासमोर जेवण वाढते आणि आधी स्वतः एक घास खाते. मी सांगितलेलं नाही. तिला नको म्हणायला हवं. म्हणत नाही. घास गिळलेला बघते, मगच जेवते.

२१ फेब्रु., शनि.
चारकोपला गेलो. मी एकटी निघाले होते, आई चप्पल घालून आधीच जिन्यात उभी. इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागे एक गाळा. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, दहा-बारा जण. एका बाईची बोटं माझ्यासारखीच वाकलेली. तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं, हॉस्पिटलपर्यंत.
"पुडीचा रिपोर्ट आहे?"
"यायचाय."
"घेत होतात तेव्हा दुखणं गेलेलं का?"
खोटं बोलता आलं नाही. "गेलेलं."
पुढची खुर्ची रिकामी झाली तशी ती सरकली.
वैद्य बाहेर आला. गोड बोलणारा. "ताई, आमच्याकडे असलं काही नसतं. तुमच्या बॉडीला सूट झालं नसेल."
आई पुढे झाली. "तुझ्या पोरीक घालतंस काय रे ही?"
त्याने हसून पुढचं नाव पुकारलं.
परतताना आई रिक्षात माझा हात धरायला गेली, मग नुसता पदर सारखा केला.

१ मार्च, रवि.
बोटं परत सुजली. ब्लाउजची हुकं आईने लावली. गाल उतरलेत, साखर खाली आलीय. डॉक्टरबाई म्हणतात धीर धरा, स्टेरॉइड कमी होताना असं होणार, गरज पडली तर नवीन इंजेक्शन आहे. बरोबरच सांगत असतील. पण सकाळी अर्धा तास पांघरूण बाजूला करता येत नाही, तेव्हा त्या समोर नसतात.
काल त्यांचा फोन होता. पुडीचा नमुना कमी पडला, अजून असली तर आणा.
आईला विचारलं, "उरलीय का?"
"सगळी फेकलंय." भाजी चिरता चिरता थांबली. "कशाक व्हयी?"
"तपासायला."
सुरी ठेवून माझ्या बोटांकडे बघितलं. तपासायलाच हवी होती. बहुतेक.
दुपारी ती देवळात गेल्यावर फडताळातले सगळे डबे उघडले. झाकणं दातांनी, बोटांना जमेना. धण्याच्या डब्यात, तळाशी, एक अख्खी पुडी. दोरा न सोडलेली.
त्या माणसाच्या तोंडावर तसं बोलून आली आणि ही ठेवलीन का? कुणासाठी?
आई आली. विचारलं नाही. पुडी माझ्या पर्समध्ये आहे. डॉक्टरबाईंची वेळ उद्या साडेअकराची.